गाणे कामगाराचे, आसन कोणाचे?

अमेरिकेतील ब्रूस स्प्रिंगस्टीन हा रॉक गायक आणि त्याचा ‘ई स्ट्रीट बँड’ हा वाद्यवृंद यांच्या सहवासाला आता पन्नास वर्षे उलटून गेली आहेत. १९७२ साली न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील गावांतून जमलेल्या या मंडळींपैकी डॅनी फेडेरिची २००८ साली गेला, क्लॅरन्स क्लेमन्स २०११ साली गेला. उरलेले जुने सोबती सत्तरी ओलांडून बसले आहेत. स्प्रिंगस्टीनचा स्वतःचा जन्म १९४९ चा. या वयात कलावंत सहसा सत्कार स्वीकारतात आणि आठवणी सांगतात. या गृहस्थाने मात्र १४ मे २०२५ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे जलशाच्या आरंभीच आपल्या देशाचे सरकार भ्रष्ट, नालायक आणि देशाशी द्रोह करणारे आहे असे हजारो श्रोत्यांसमोर सांगितले, आणि मग गाण्याला हात घातला. दोनच दिवसांत राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याला वाळलेल्या आलुबुखाराची उपमा दिली व मायदेशी परत येईपर्यंत तोंड बंद ठेवावे, असे बजावले. त्याने ते ठेवले नाही. पुढच्या प्रयोगातही तीच भाषणे झाली, आणि आठवड्याभरात ती गाण्यांसह ध्वनिमुद्रित होऊन बाजारातही आली. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने आपल्या सभासदाचा बोलण्याचा हक्क उचलून धरला.

(‘जलसा’ हा शब्द आम्ही हेतुपूर्वक योजला आहे. सत्यशोधकांच्या महाराष्ट्रात त्या शब्दाला गाणे आणि प्रचार असे दोन्ही अर्थ एकाच वेळी असत, आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे.)

त्या दिवसापासून या गायकाच्या चाहत्यांत जो वाद पेटला आहे तो वरवर पाहता जुनाच आहे. एक पक्ष म्हणतो, आम्ही पैसे मोजले ते गाणी ऐकण्यासाठी, व्याख्यान ऐकण्यासाठी नव्हे. राजकारणापासून तीन तास सुटका हवी म्हणून तर आम्ही येतो. दुसरा पक्ष उलट विचारतो की, तुम्ही एवढी वर्षे नेमके ऐकत तरी काय होता? या दोघांत उत्तर देण्यास सोपा आहे तो पहिला पक्ष, आणि दुसऱ्या पक्षाला स्वतःच्या विजयाचा जो आनंद होतो तोही त्यामुळेच. परंतु या वादाच्या पोटात आणखी एक वाद आहे. तो २०२२ सालापासून धुमसतो आहे आणि त्याला उत्तर देणे दुसऱ्या पक्षाला मुळीच सोपे नाही. तो तिकिटाच्या दराचा आहे. आमच्या मते या दोन वादांची फारकत करता येत नाही.

प्रथम पहिल्या वादाचा निकाल लावू. या वाद्यवृंदाचे राजकारण म्हातारपणी सुचलेले नाही. १९७५ साली ‘बॉर्न टू रन’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्या वेष्टनावर गोरा गायक काळ्या सॅक्सोफोनवादकाच्या, म्हणजे क्लेमन्सच्या, खांद्यावर रेललेला दिसतो. त्या काळच्या अमेरिकेत, जिथे गोऱ्यांचे संगीत आणि काळ्यांचे संगीत दुकानातही वेगवेगळ्या फळ्यांवर लागत असे, ते छायाचित्र हेच एक निवेदन होते. १९८१ साली लॉस एंजेलिस येथे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या व वाऱ्यावर सोडल्या गेलेल्या सैनिकांच्या संघटनेसाठी या मंडळींनी जलसा केला. १९८४ साली ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ आले. त्या गाण्याची कथा साधी आहे. धडपणे रोजगार नसलेल्या तरुणाला परदेशी लढायला धाडले जाते. तो परत येतो तेव्हा कारखान्याचे दार बंद आणि सरकारी कार्यालयातील खुर्ची हतबल. पण ध्रुवपद मोठ्याने म्हणण्यासारखे असल्याने कडव्यांकडे लक्ष न देता ते देशाभिमानाचे गीत म्हणून गाजले. १९ सप्टेंबर १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतील हॅमंटन येथील प्रचारसभेत या गायकाच्या गाण्यांतील आशेच्या संदेशाचा गौरव केला! दोन-तीन दिवसांनी पिट्सबर्ग येथे गायकाने प्रेक्षकांसमोर नवल व्यक्त केले, की राष्ट्राध्यक्षांची आवडती तबकडी कोणती असेल बरे. आणि मोटारीचा कारखाना बंद पडल्याने बेकार होऊन खून करणाऱ्या माणसाचे ‘जॉनी ९९’ हे गाणे म्हटले.

पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचे शहर. भट्ट्या एकेक करून थंडावत होत्या. त्या दौऱ्यात स्प्रिंगस्टीनने पोलाद कामगारांच्या स्थानिक संघटनेच्या अन्नवाटपाला मदत केली, आणि पुढे गावोगावच्या अशाच अन्नछत्रांचा उल्लेख मंचावरून करण्याचा त्याने प्रघातच पाडला. १९८५ च्या जूनमध्ये दौरा इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे पोहोचला. मार्गारेट थॅचर यांच्याशी वर्षभर झुंजून खाणकामगारांचा संप त्याच वर्षी मार्चमध्ये मोडला होता. डरहॅम भागातील खाणकामगारांच्या बायकांनी जी मदत समिती चालवली होती तिला या गायकाने देणगी दिली. त्याच काळात क्रायस्लर या मोटार कंपनीला ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ जाहिरातीसाठी हवे होते. ते त्याने दिले नाही. (२०२१ साली मात्र तो जीप मोटारीच्या जाहिरातीत दिसला. जीप आता क्रायस्लरच्याच गोतावळ्यात आहे. छत्तीस वर्षांत किती पाणी वाहून गेले, याचे हे एक माप.)

१९ जुलै १९८८ रोजी पूर्व बर्लिनमध्ये लाखाहून कितीतरी अधिक तरुणांपुढे हा वाद्यवृंद उभा राहिला. तेथील सत्ताधारी पक्षाच्या युवक संघटनेने तो जलसा निकाराग्वाच्या नावे जाहीर केला होता. गायकाला ते पसंत पडले नाही. आपण कोणत्याही सरकारच्या बाजूने वा विरुद्ध आलेलो नाही, एक दिवस सारे अडथळे कोसळतील या आशेने गायला आलो आहोत, असे त्याने जर्मन भाषेत सांगितले. सोळा महिन्यांनी भिंत पडली. ती गाण्याने पडली असे म्हणणारे लोक आहेत. आम्ही त्यांत नाही. परंतु डाव्या म्हणवणाऱ्या सत्तेलाही आपले नाव वापरू न देण्याचा बाणा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरला ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मानवी हक्क दौऱ्यात तो दिल्लीतही येऊन गायला. राजीव गांधींच्या सरकारला बदनामी विधेयक मागे घ्यावे लागले तो हाच महिना.

मग २००० साल. न्यू यॉर्कच्या चार पोलिसांनी अमाडू डियालो या निःशस्त्र आफ्रिकी तरुणावर १९९९ च्या फेब्रुवारीत ४१ गोळ्या झाडल्या होत्या आणि न्यायालयातून ते निर्दोष सुटले होते. त्यावरचे ‘अमेरिकन स्किन’ हे गाणे आल्याबरोबर पोलिसांच्या संघटनेने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रयोगांवर बहिष्काराची हाक दिली. श्रोत्यांतूनही हुर्यो उठली. वास्तविक त्या गाण्यात पोलिसाचे भय आणि मुलाला घराबाहेर पाठवणाऱ्या आईचे भय ही दोन्ही आहेत. पण रागावलेल्या माणसाला कडवी ऐकू येत नाहीत, हे १९८४ सालापासूनचे दुखणे.

तेव्हा, ‘गाणे म्हण, बाकी बोलू नको’ असे या गायकाला सांगणारा श्रोता त्याच्याजवळ जे कधीच नव्हते ते मागतो आहे. एवढे मात्र आम्ही त्या श्रोत्याच्या बाजूने म्हणू, की मंचावरील भाषण गाण्याच्या तोडीचे नसते. ‘जॉनी ९९’ ऐकणारा मनुष्य स्वतःच विचार करू लागतो; भाषण ऐकणारा फक्त टाळ्या वाजवतो किंवा उठून जातो. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याने तृतीयपंथीयांविरुद्ध केलेल्या कायद्याच्या निषेधार्थ ग्रीन्सबरो येथील जलसा ऐन दोन दिवसांवर आला असता त्याने रद्द केला, तेव्हा दूरवरून निघालेल्या श्रोत्यांचा संताप अगदीच अनाठायी नव्हता. निषेध योग्य, कायदा वाईट. पण भुर्दंड कायदा करणाऱ्यांना बसला नाही.

आता दुसरा वाद. जुलै २०२२ मध्ये पुढील वर्षीच्या दौऱ्याची तिकिटे तिकीटमास्टर या कंपनीमार्फत विक्रीस निघाली. काही तिकिटांना ठरीव दर नव्हता. मागणी वाढेल तसा तो क्षणाक्षणाला चढत होता, आणि पाहता पाहता काही आसनांचा भाव पाच हजार डॉलरवर गेला. ओरड झाली तेव्हा कंपनीने खुलासा केला, की अशी चढत्या दराची तिकिटे बाराएक टक्केच होती, ठरीव दर साठ ते चारशे डॉलरच्या दरम्यान होते, आणि सर्व तिकिटांची सरासरी काढली तर ती २६२ डॉलर भरते. गायकाच्या व्यवस्थापकाने तर एवढ्या मोठ्या कलावंतासाठी हा दर रास्तच असल्याचे सांगितले.

सरासरीच घेऊ. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने ठरवलेले किमान वेतन २००९ सालापासून ताशी सव्वासात डॉलर आहे. त्या दराने २६२ डॉलर म्हणजे छत्तीस तासांची, जवळजवळ आठवड्याची, मजुरी झाली. पाच हजार डॉलर म्हणजे सतरा आठवड्यांची. केंद्रीय दर फार जुना आहे, असा आक्षेप कोणी घेईल म्हणून गायकाच्या स्वतःच्या न्यू जर्सीचा दर घेऊ. तेथे २०२४ साली किमान वेतन पंधरा डॉलरवर गेले. त्या हिशेबानेही सरासरी तिकिटाला सतरा तास राबावे लागते. १९८४-८५ च्या दौऱ्यात तिकीट वीस डॉलरच्या आत मिळत असे आणि किमान वेतन तीन डॉलर पस्तीस सेंट होते. सहा तास काम केले की कामगार आत. त्याच्या गाण्यातला माणूस त्याच्या गाण्याला तेव्हा येऊ शकत होता.

असे का झाले याचे आर्थिक कारण गूढ नाही. पूर्वी ध्वनिमुद्रिका विकून पैसा मिळे आणि जलसा ही तिची जाहिरात असे. म्हणून जलसा स्वस्त ठेवणे फायद्याचे होते. इंटरनेटवरून गाणी फुकट पसरू लागल्यावर तो पाया ढासळला. संगीत लवकरच नळाच्या पाण्यासारखे होईल आणि कलावंताला दौऱ्यांवरच जगावे लागेल, हे भाकीत डेव्हिड बोवी या गायकाने २००२ सालीच केले होते. ॲलन क्रूगर या प्रिन्स्टनच्या अर्थशास्त्रज्ञाने त्या भाकितालाच सिद्धांताचे नाव दिले. या क्रूगर यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून फिलाडेल्फिया येथे २००२ साली स्प्रिंगस्टीनच्याच जलशाची पाहणी केली होती. सर्व आसनांना सरसकट ७५ डॉलर दर होता. पण २० ते २५ टक्के तिकिटे दुसऱ्या हातून विकली गेली, आणि तीही सरासरी २८० डॉलरना.

बदलत्या दराचे समर्थक नेमके येथेच बोट ठेवतात. ते म्हणतात, तिकिटाला बाजारात २८० डॉलर मिळतच असतील तर तो पैसा दलालाच्या खिशात जाण्यापेक्षा गाणाऱ्याच्या खिशात गेला तर बिघडले कुठे? युक्तिवाद वजनदार आहे. परंतु प्रस्तुत लेखकाने मागणी-पुरवठ्याचे आलेख फळ्यावर काढण्यात हयात घालवली असल्याने त्या आलेखाच्या आडव्या अक्षावर काय मोजलेले नसते, हे त्याला चांगले ठाऊक आहे. अर्थशास्त्रात मागणी म्हणजे इच्छा नव्हे. खिशात पैसा असलेली इच्छा. दराने तिकिटे वाटली की ती सर्वांत आतुर श्रोत्याला जातात हा भ्रम आहे. ती ज्याला डॉलरची किंमत सर्वांत कमी वाटते त्याला जातात. रात्रभर रांगेत उभे राहून तिकीट मिळवण्याची जुनी पद्धत गैरसोयीची खरी, पण त्यात मोजावे लागे ते चलन म्हणजे वेळ, आणि दिवसाचे चोवीस तास श्रीमंत-गरीब सर्वांना सारखेच मिळतात. शिवाय दलाल नाहीसा झाला असे म्हणायचे ते कशाच्या आधारावर? सिनेमागृहाबाहेर ‘दस का बीस’ म्हणत फिरणारा ब्लॅकवाला आत येऊन तिकीटखिडकीत बसला, एवढाच काय तो फरक. श्रोत्याला मोजावे लागतात ते पैसे तेवढेच.

दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. ‘द क्युअर’ हा इंग्लंडमधील तसाच जुना वाद्यवृंद २०२३ साली अमेरिकेत गेला. त्याचा गायक रॉबर्ट स्मिथ याने बदलता दर नाकारला, शक्य तेथे तिकीट दुसऱ्याला विकता येऊ नये अशी अट घातली, काही तिकिटे वीस डॉलरला ठेवली. कंपनीने त्यावर भरमसाट शुल्क चढवले तेव्हा त्याने जाहीर भांडण करून प्रत्येक तिकिटामागे पाच-दहा डॉलर परत मिळवून दिले. रक्कम क्षुल्लक होती. पण दर ठरवण्यात कलावंताचा हात नसतो ही सबब त्यानंतर तितकीशी टिकत नाही. त्याच्याही आधी, १९९४ साली, ‘पर्ल जॅम’ या वाद्यवृंदाने याच तिकीट कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध अमेरिकन सरकारकडे दाद मागितली होती आणि तिचे दोन वादक काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला बसले होते. पुढल्याच वर्षी सरकारने ती चौकशी गुंडाळली. २०१० साली ती कंपनी लाइव्ह नेशन या जलसे भरवणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनीत विलीन झाली. म्हणजे कार्यक्रम ठरवणारा, सभागृह देणारा आणि तिकीट विकणारा एकच. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने या मक्तेदारीविरुद्ध खटला भरला. तीस वर्षांपूर्वी जे पर्ल जॅम सांगत होते तेच.

महाराष्ट्राला हा अनुभव अपरिचित नाही. ‘कोल्डप्ले’च्या जानेवारी २०२५ मधील नवी मुंबईच्या कार्यक्रमांची तिकिटे आदल्या सप्टेंबरात अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत विकली गेली आणि लगोलग लाखांच्या भाषेत बोलली जाऊ लागली. पोलीस चौकशी झाली, उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. कायदा करणे हे विधिमंडळाचे काम, असे सांगून न्यायालयाने ती निकालात काढली. विधिमंडळात या विषयाला सवड कधी मिळेल ते पाहायचे.

स्प्रिंगस्टीनची बाजूही नोंदवली पाहिजे. बरोबरीच्या गायकांपेक्षा आपण वर्षानुवर्षे कमी दर ठेवला, या वेळी इतर करतात तसेच केले, आणि कोणाला कार्यक्रम पटला नाही तर पैसे परत देऊ, असा त्याच्या नोव्हेंबर २०२२ मधील मुलाखतीचा आशय होता. पहिले विधान खरे आहे, फिलाडेल्फियाचे आकडेच ते सांगतात. पण ज्याने डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या गाण्यांचे हक्क सोनी कंपनीला विकले, आणि त्याबद्दल सुमारे पन्नास कोटी डॉलर मिळाल्याचे वृत्तपत्रांनी छापले, त्याने ‘इतर करतात तसे’ म्हणावे हे त्याच्या चाहत्यांना बोचले. ‘इतर करतात तसे’ न केल्याबद्दल तर ते त्याच्यामागे गेले होते.

या बोचण्याचा एक परिणाम असा झाला की त्याची दखल वृत्तपत्रांनी घेतली त्याहून अधिक घ्यायला हवी होती. ‘बॅकस्ट्रीट्स’ नावाचे, केवळ या गायकाला वाहिलेले नियतकालिक १९८० साली सिॲटल येथे एका तरुण चाहत्याने सुरू केले होते. ते त्रेचाळीस वर्षे चालले. फेब्रुवारी २०२३ मध्ये, नवा दौरा सुरू होता होताच, ते बंद झाल्याचे संपादकाने जाहीर केले. कारण तिकिटाचे दर. आपले वाचक बाहेर राहिले असताना आत काय घडले याचे वर्णन उत्साहाने छापणे आपल्याला जमणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. छोटे नियतकालिक त्रेचाळीस वर्षे चालवणे आणि ते तत्त्वासाठी थांबवणे म्हणजे काय, हे या पृष्ठाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. राजकारणाला कंटाळून सभागृहातून उठून जाणाऱ्यांच्या बातम्या होतात. हे लोक राजकारण मानणारे होते, आणि तरी उठून गेले.

तेव्हा मँचेस्टरच्या भाषणासंबंधी विचारायचा प्रश्न, ते करावे की न करावे, हा नव्हे. ते ऐकायला समोर कोण होते, हा आहे. स्प्रिंगस्टीन ज्या फ्रीहोल्ड गावात वाढला तेथील गालिचांचा कारखाना त्याच्या लहानपणीच हलला. वडील कारखान्यात, बसवर, तुरुंगात पहारेकरी म्हणून, मिळेल ते काम करीत राहिले. त्याच्या साऱ्या गाण्यांचे भांडवल ते घर आहे. आणि ते गाव ज्या मॉनमथ परगण्यात आहे त्याने २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत ट्रम्प यांना बहुमत दिले. तिकिटाच्या दराने मते फिरली असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण आपल्यासाठी बोलणारी माणसे आपल्यात राहत नाहीत, असे कष्टकऱ्याला वाटू लागले की त्यांचे खरे बोलणेही त्याला परक्याचे वाटते. ही गोष्ट अमेरिकेपुरती नाही, आणि डाव्या चळवळीने ती संगीतापेक्षा पुष्कळ महाग किमतीला शिकलेली आहे. ज्याच्याशी मतभेद आहे तोच श्रोता दारात अडला, तर आत उरतात ते बहुधा आधीपासून पटलेले. त्यांच्यासमोर धाडस दाखवणे सोपे असते. १९८४ साली पिट्सबर्गच्या सभागृहात ते सोपे नव्हते. समोरच्या कामगारांपैकी कितीतरी जण रेगन यांना मत देणार होते, आणि ते तिकीट काढून आलेले होते.

मँचेस्टरच्या प्रकरणानंतर न्यू जर्सीत एक लहानशी घटना घडली. टॉम्स रिव्हर या गावी एका मद्यगृहात स्प्रिंगस्टीनची गाणी वाजवणाऱ्या स्थानिक मंडळींचा कार्यक्रम ठरलेला होता. खुद्द गायकाला ऐकणे ज्यांना परवडत नाही अशी माणसे बिअरच्या पेल्यासोबत ती गाणी ऐकतात ती अशाच ठिकाणी. मालकाने तो कार्यक्रम रद्द केला. आपली बहुतेक गिऱ्हाइके ट्रम्प यांना मानणारी आहेत आणि धंद्याला तोशीस लागेल, असे त्याने वादकांना कळवले. वादक राजकारणाबद्दल एक शब्दही बोलत नसत.